ब्रह्मदेशचा गड्डा

परकीय सत्तेविरुद्ध साताऱ्याने जो लढा दिला त्यात आमच्या गल्लीचे स्थान इतिहासात नोंदवले जावे, असे गल्लीचे प्रामाणिक मत होते. चव्वेचाळीस सालच्या मे महिन्यात दोन दिवस तिला तसे स्थान होतेही. तिसऱ्या दिवशी ते गेले. ते घालवल्याबद्दल गल्लीने माझ्या घरमालकांना शेवटपर्यंत क्षमा केली नाही.

मालक सर्व्हेखात्यात नकाशे काढायचे आणि तिथूनच पेन्शनीत निघाले होते. मी सरकारी कचेरीतला हंगामी कारकून. त्यांच्या मागच्या खोलीत राहायचो आणि त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या हातचे जेवायचो. गावात मालकांचे नाव कुणी घेत नसे. 'अळूवाले' म्हटले की पुरे. हा शब्द मालकांना खपत नसे. अळू ही भाजी आहे, असे ते म्हणत, आणि भाजी हा शब्द ते अशा सुरात उच्चारत की ऐकणाऱ्याला आपण काहीतरी खाल्ल्याची लाज वाटावी.

घराच्या उत्तरेकडच्या खोलीत त्यांच्या अडतीस कुंड्या होत्या. कुंड्या आपले म्हणायचे, निम्मे राकेलचे डबे होते. झाडे सगळी एकाच कुळातली, अळवाच्या आणि सुरणाच्या, पण परमुलखातल्या दमट जंगलांतून आलेली. एकाच्या पानांना ताटलीएवढी भोके. एकाची पाने रक्त शिंपडल्यासारखी. एकाचे पान काळ्या मखमलीचे, आणि ते वर्षातून एकच फुटे. यांतले काही खाता येत नसे, देवाला वाहता येत नसे आणि दारात ठेवून मिरवताही येत नसे, कारण बाहेरच्या कोरड्या हवेत ते दोन दिवसांत वाळे. काकूंचे म्हणणे थोडक्यात असे होते : "घरात अडतीस प्रकारची अळवं, आणि वडीला पान हवं तर मी मंडईत जाते."

त्या खोलीच्या खिडक्यांना उन्हाळाभर ओली गोणपाटे असत आणि कोपऱ्यात शेगडीवर वाफेसाठी पाण्याचे पातेले उकळत असे. पायताण बाहेर, बोलणे हळू, दार उघडले की लगेच लोटायचे. काकूंना तिथे प्रवेश नव्हता, कारण त्यांच्या लुगड्याला फोडणीचा वास असतो, असे मालकांचे म्हणणे होते. खोलीची किल्ली जानव्याला बांधलेली. झाडांचे पाणी आदल्या दिवसापासून तांब्याच्या हंड्यात निवळत ठेवलेले असे. ते भरून झाले की उरलेल्या पाण्यात आमच्या आंघोळी. शनिवारी गल्लीतले लोक मारुतीला तेल घेऊन जात तेव्हा मालक जुन्या धोतराच्या फडक्याने एकेक पान पुसत बसलेले असत, आणि त्या दिवशी त्यांना भेटायला आलेला माणूस पाने संपेपर्यंत ओसरीवर बसे.

संग्रह वाढवण्याची त्यांची पद्धत सरळ होती. महाबळेश्वरला साहेब लोकांच्या बंगल्यांत व्हरांड्यात असली झाडे असत. मालक पत्ता विचारायच्या निमित्ताने आत जात आणि बाहेर येताना एखादे पेर त्यांच्या छत्रीत असे. याला ते चोरी म्हणत नसत, प्रसार म्हणत. एकदा मी बरोबर होतो. परतताना धो धो पाऊस लागला आणि मालक मिटलेली छत्री काठीसारखी धरून दोन मैल भिजत चालले. मी माझी छत्री त्यांच्यावर धरायला गेलो तर म्हणाले, "माझ्यावर नको. छत्रीवर धरा."

कुणी काही ठासून सांगू लागले की ते विचारत, "मोजलंय का?" यंदा आंबा कमी आहे, जर्मन हरणार, कुणाची सून भांडखोर आहे, सगळ्यांना हाच प्रश्न. ते स्वतः प्रत्येक पानाची लांबीरुंदी नकाशाच्या पट्टीने मोजून वहीत लिहीत. लढाई म्हणजे त्यांच्या लेखी कलकत्त्याहून येणारी झाडांची पार्सले बंद पाडणारी भानगड होती.

तीच लढाई शेवटी त्यांच्या कामी आली. समोरच्या घरातला हवालदार पलटणीबरोबर ब्रह्मदेशात निघाला तेव्हा गल्लीने त्याला नारळ दिला आणि मालकांनी एक चित्र दिले. तिकडच्या जंगलात सुरणाच्या कुळातली एक दुर्मिळ जात उगवते, तिचा गड्डा जमल्यास आणावा. बेचाळीसच्या पावसाळ्यात हवालदार एका पायाने लंगडत कायमचा परत आला. चार दिवसांनी त्याने गोणपाटात गुंडाळलेले दोन गड्डे मालकांच्या ओसरीवर ठेवले.

"घ्या मालक. तुमचा जिन्नस."

मालकांनी त्याला वाकून नमस्कार केला. वयाने वीस वर्षांनी मोठा माणूस पाया पडायला आलेला पाहून हवालदार भिंतीपर्यंत मागे सरकला, आणि काहीतरी बोलणार होता ते बोलला नाही. मला ते तेव्हा विनयाचे लक्षण वाटले.

एक गड्डा मालकांनी ठेवला, दुसरा सांगलीला त्यांच्या वैद्य मित्राकडे पाठवला. तोही याच व्यसनातला. दोन ठिकाणी कशाला, असे मी विचारले तेव्हा कळले की या फुलात बाईपुरुषाची वेळ जमत नाही. पहिल्या दिवशी बी धरणारा भाग तयार होतो, पराग सुटतो दुसऱ्या दिवशी, तोवर पहिला भाग मिटलेला असतो. त्यामुळे बी हवे तर दुसरे फूल एक-दोन दिवस आधी उमललेले पाहिजे. हा योग आयुष्यात एकदा आला तर आला. तो साधला तर या देशात या जातीचे बी पहिल्यांदा मालकांच्या हातून धरले असते. पेन्शनीतल्या माणसाने याहून मोठे काही योजलेले मी पाहिलेले नाही.

पहिल्या वर्षी छत्रीसारखे मोठे पान आले. काकूंनी दाराच्या फटीतून पाहिले आणि म्हणाल्या, "सुरणासारखं दिसतंय."

"दिसतं," मालक म्हणाले. "देठावरचे ठिपके मी मोजलेत. वेगळं आहे."

चव्वेचाळीसच्या मे महिन्यात पानाऐवजी मालकांच्या डब्यातून एक जांभळा कोंब वर आला, आणि सांगलीहून पत्र आले की तिथेही आला आहे. मालकांचे जेवण सुटले. दिवसातून सहा वेळा पट्टी लावून ते कोंबाची उंची घेत. मग एका दुपारी तार आली. तिचा अर्थ एवढाच होता : भुकटी उद्या तयार, भरवशाचा माणूस पाठवा.

जिल्ह्यात तेव्हा काय चालले होते ते सांगायला पाहिजे. भूमिगत माणसे डोंगरात होती, रूळ उखडले जात होते, तारा तोडल्या जात होत्या, पोलिसांना बातमी देणाऱ्यांना गावोगाव मारहाण होत होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारा एक म्हातारा अशा बातम्या देतो असा बोलबाला होता, आणि तो चार दिवसांपासून दिसत नव्हता. अशा दिवसांत भुकटी तयार असल्याची तार साताऱ्याच्या तार-ऑफिसातून उघडपणे आमच्या घरी आली होती. मी ती दोनदा वाचली.

"मालक, ही तार पोलिसांनी वाचली असली तर?"

"वाचू दे. स्पष्ट लिहिलंय. तुम्ही आताच्या मोटारीनं निघा. उद्या पाचच्या आत परत. आमचं आज संध्याकाळी उमलणार, उद्या दिवस मावळला की संपलं."

"मी अजून कायम झालेलो नाही. पकडलो तर नोकरी जाईल."

"मी गेलो असतो," ते म्हणाले. "पण इथे पातेलं कोण बघणार?"

काकूंनी दशम्या बांधून दिल्या. ज्याची भाकरी दोन वर्षे खाल्ली त्याला नाही म्हणायची मला सवय नव्हती. आजोळी कुणी अत्यवस्थ असल्याचा अर्ज कचेरीत देऊन मी निघालो.

कोळशाच्या गॅसवर चालणारी ती मोटार दर चढावाला थांबे आणि उतारू खाली उतरून ढकलत. सांगलीला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी वैद्यांनी कुंचल्याने फुलातली पिवळी भुकटी झाडून कागदात घेतली, पुडी बांधली आणि हाताच्या सवयीने तिच्यावर लिहिले, 'दिवसातून दोनदा, मधातून.' मी ते पाहून हसलो. कऱ्हाडच्या अलीकडे मोटार अडवून झडती झाली तेव्हा त्या ओळीने मला तारले.

"कशाचं औषध?" शिपायाने विचारले.

"खोकल्याचं."

"कुणाला?"

"घरमालकांना."

पुडी परत देण्याआधी त्याने माझे नाव आणि साताऱ्याचा पत्ता लिहून घेतला.

साडेचारला मी गल्लीत शिरलो आणि थांबलो. प्रत्येक दारात ऊद, गुग्गुळ, नाही तर गोवऱ्या जळत होत्या. सण नव्हता, साथ नव्हती. धुरातून मधूनच दुसरा वास येई, कुठेतरी मोठे जनावर मरून दोन दिवस उन्हात पडल्यासारखा. तो आमच्या घराकडून येत होता. हवालदार आपल्या ओसरीवरून लंगडत आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "भिऊ नगा. गल्लीत कुणाला बी वास येत न्हाई."

"कसला वास?"

"त्येच म्हणतोय मी. कसला वास? आमाला ठावंच न्हाई." मग आणखी हळू, "लय छातीचा माणूस निघाला गड्या अळूवाला. आमी उगाच हसत हुतो. पर फौजदार आत बसलाय. तुमच्याजवळ काय असंल तर द्या हिकडं, परसात पुरतो."

ज्या म्हाताऱ्याचा पत्ता नव्हता तो मालकांच्या कुलपाच्या खोलीत मरून पडला आहे असे गल्लीने ठरवले होते, आणि त्याला लपवायला वीस घरे धूर करत होती, हे मला तेव्हा कळले. मी पुडी दिली नाही. ती मुठीत घट्ट धरून घरात गेलो.

फौजदार ओसरीवर नाकाला रुमाल लावून बसला होता, बरोबर दोन शिपाई. मालक त्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभे होते. मला पाहताच त्यांनी विचारले, "आणलंत?"

पोलिसांसमोर असा प्रश्न विचारणारा माणूस एक तर फार धीट असतो नाही तर त्याला घड्याळाखेरीज काही दिसत नसते.

फौजदाराने पुडी माझ्या हातातून घेतली. "कऱ्हाडहून फोन आला होता. खोकल्याचं औषध. आणि तारेत भुकटी. कसली भुकटी, काका?"

"पराग."

"म्हणजे?"

"फुलाचा."

"आणि हा वास?"

"त्याच फुलाचा."

फौजदार शांतपणे म्हणाला, "काका, मी नोकरीत पुष्कळ प्रेतं उघडली. एकालाही फुलाचा वास नव्हता."

"प्रेताला फुलाचा येत नाही. फुलाला प्रेताचा येतो. माश्यांना फसवायला. तिकडे जंगलात पराग माश्या नेतात. इथे या कारकुनानं आणला." मालकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "पाचला दहा कमी आहेत. तुम्ही काय विचारायचं ते सहानंतर विचारा."

"ही दारू आहे की नाही ते आधी बघतो," फौजदार म्हणाला आणि शिपायाला काडी ओढायला सांगितली.

त्या घरात दोन वर्षांत मी मालकांचा चढा आवाज ऐकला नव्हता. तेव्हाही तो चढला नाही, फक्त कोरडा झाला. "सगळी जाळू नका. चिमूट घ्या."

"चिमटीनं काय कळतंय?"

"दोन चिमटी घ्या."

"निम्मी घेतो," फौजदार म्हणाला, आणि मालकांनी मान हलवली. सांगलीहून आणलेल्या भुकटीतली निम्मी शिपायाने अंगणातल्या फरशीवर ओतली. तो हात लांब करून, तोंड फिरवून काडी लावू लागला. धुराने भरलेल्या गल्लीत, दारांच्या फटींतून, वीस घरे आता उडणार म्हणून वाट पाहत होती. काकू दोन्ही कानांवर हात ठेवून तुळशीकडे तोंड करून उभ्या होत्या. भुकटी चर्र झाली, थोडी काळी पडली आणि विझली.

"आता?" मालक म्हणाले.

त्यांनी जानवे वर ओढून कुलूप काढले. आत मांस भरल्यासारखे लालभडक, सुरकुतलेले, घमेल्याएवढे ते फूल डब्यातून वर आले होते आणि त्याच्यावर माश्यांचा थर होता. एक शिपाई पाहून मागे वळला तो परसात जाऊनच थांबला. फौजदाराने आधी कोपरे पाहिले, शेगडीमागे पाहिले, गोणपाटे उचलली. मग नाइलाजाने फुलाकडे पाहिले. मालक तोवर गुडघ्यांवर बसून नकाशे रंगवायच्या बारीक कुंचल्याने उरलेली भुकटी आत एकेका टोकाला लावू लागले होते.

"उजेड कमी पडतोय," ते मागे न पाहता म्हणाले. "तुमच्याकडे बॅटरी असेल."

फौजदाराने बॅटरी लावली. पाऊण तास तो त्या वासात बॅटरी धरून वाकून उभा होता, आणि दोनदा मालकांनी त्याला हात हलतो म्हणून टोकले. शेवटी कुंचला पुसून मालक उठले, हात धुतले, कोट-टोपी घातली आणि म्हणाले, "चला. कुठे यायचं?"

फुलाची खात्री फौजदाराला पटली होती. पण माणूस बेपत्ता होता आणि खोलीची जमीन मातीची होती. उद्या-परवा ती खणावी लागेल, तोवर चौकीवर बसा, असे तो म्हणाला. त्याने ते जरा ओशाळून सांगितले.

मालकांचा चेहरा तेव्हा प्रथम उतरला. अडतीस डबे हलवून जमीन खणायची म्हणजे काय होणार ते त्यांना दिसले असावे. त्यांनी जानव्याची किल्ली सोडली आणि काकूंच्या हातावर ठेवली. पस्तीस वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदा काकूंकडे आली होती.

"पातेलं आटू देऊ नकोस."

"फोडणीचं लुगडं बदलून जाईन," काकू म्हणाल्या. त्या दोघांत याहून हळवे बोलणे मी ऐकलेले नाही.

मालक बाहेर पडले तेव्हा गल्लीतले पुरुष आपापल्या ओसरीवर उभे राहिले. हवालदाराने लंगडा पाय जुळवून कडक सलाम ठोकला. सलाम फुलासाठी आहे अशी समजूत होऊन मालक म्हणाले, "आत्ताच काही सांगता येत नाही. आठवड्यात कळेल." हे वाक्य त्या संध्याकाळी साऱ्या पेठेत गेले, आणि आठवड्यात काय उडणार यावर पैजा लागल्या.

दुसरा दिवस माझ्या आयुष्यातल्या वाईट दिवसांपैकी एक होता. कचेरीत चपराशी माझ्या टेबलाकडे आला की मला काढून टाकल्याचाच कागद दिसे. एरवी माझ्याशी न बोलणाऱ्या हेडक्लार्कने न विचारता मला आपल्या डब्यातले पान दिले, त्याने तर मी जास्तच घाबरलो. घरी काकूंकडे बायकांची रीघ होती. कधी उंबरा न ओलांडलेल्या बायका खीर, लोणचे घेऊन येत आणि "काकू, आम्ही आहोत हं," म्हणून जात. काकू मला म्हणाल्या, "झाडाला फूल आलं म्हणून लोक इतकं करतात, हे मला ठाऊक नव्हतं."

तिसऱ्या दिवशी सकाळी पोलीस कुदळी घेऊन आले, आणि त्याच सुमाराला तो बेपत्ता म्हातारा मोटारीतून उतरून गल्लीत शिरला. डोक्याला नवा पटका, खांद्यावर जोंधळ्याची पिशवी. कवठे महांकाळला लेकीकडे बारशाला गेला होता. दारादारांतली राख पाहून त्याने विचारले, "कसला ऊद जाळलाय म्हणायचा?" हवालदार आत गेला आणि त्याने दार लावून घेतले. दुपारी मालक सुटून आले तेव्हा सगळ्याच ओसऱ्या रिकाम्या होत्या. खिरीचे पातेले न्यायला आलेली बाई ते न घासताच घेऊन गेली.

माझी नोकरी राहिली. किल्ली काकूंकडेच राहिली. मालकांचे बी धरले. निम्म्याच भुकटीवर एकशे सात फळे आली, आधी हिरवी, मग शेंदरी. ती रोज मोजली जात.

स्वराज्य आल्यावर तुरुंगात गेलेल्यांची यादी करायला मंडळी आली. गल्लीला दुसरे कुणी नव्हते म्हणून तिने नाक मुरडत मालकांचे नाव सुचवले होते. यादीवाल्यांनी दोन दिवसांची कैद असे लिहिलेले मालकांना दाखवले. ते म्हणाले, "मोजलंय का? बेचाळीस तास होते," आणि शनिवार असल्यामुळे पाने पुसायला निघून गेले. त्यांचे नाव यादीत गेले नाही.

त्याच दिवशी ओसरीवर हवालदार मला म्हणाला, "एक सांगतो, मनात सलतंय. बर्मातनं आमी जीव घेऊन पळालो. कांदं उपटायला सवड कुणाला? पर मालकांनी चितार काढून दिलं हुतं, मोकळ्या हातानं तोंड कसं दावायचं. म्हणून ते दोन गड्डं मी औंधच्या बाजारात घेतलं. सुरण हाय त्यो. मालक पाया पडाय लागलं, मग सांगायचं ऱ्हायलं."

मी आत पाहिले. काकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते.

"आवं काकू, तुमी नगा सांगू त्यांस्नी," हवालदार म्हणाला.

"मी कशाला सांगू?" काकू म्हणाल्या. "किल्ली मिळाली त्या दिवसापासून दर एकादशीला त्याचीच पिल्लं शिजवतेय. ते दोनदा वाढून घेतात."